त्रेविझोच्या टेकड्यांत सायकल आणण्याआधी

त्रेविझो, इटली, ८ जून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझा बेत वाचला. सप्टेंबरअखेर, चार दिवस, रोज शंभर किलोमीटर. तारखा उत्तम आहेत, शंभराचा आकडा मात्र खोड. इथे अंतर मोजून दिवस ठरत नाही, जमीन बघून ठरतो. नदीकाठचे ऐंशी किलोमीटर दुपारच्या जेवणाआधी उरकतात आणि द्राक्षमळ्यांतले पंचेचाळीस संध्याकाळपर्यंत पुरतात. टेकड्यांच्या दिवशी पन्नास-पंचावन्न धर, सपाटीला सत्तर-ऐंशी. तेवढ्यात मन भरेल.

तू पाठवलेला नकाशा लगेच बाजूला ठेव. ती विदोरपासून वित्तोरियो वेनेतोपर्यंत जाणारी पायवाट आहे. पन्नासेक किलोमीटरची, फार सुंदर, पण चालणाऱ्यांसाठी. तिच्यावर पायऱ्या आहेत, झाडांच्या मुळांवरून उतरणारे तुकडे आहेत. त्यावर भरलेली सायकल खांद्यावर घ्यावी लागते आणि चालणाऱ्यांनाही त्रास होतो. २०२३ ची ग्रॅव्हलची, म्हणजे खडीच्या वाटांवरच्या सायकल शर्यतीची, जागतिक स्पर्धा त्रेविझोजवळच्या लागो ले बांदिएपासून पिएवे दि सोलिगोपर्यंत झाली. तिचा मार्ग अभ्यासाला चांगला आहे, पण स्पर्धेच्या दिवशी रस्ते बंद असतात, एरवी समोरून ट्रॅक्टर येतो हे विसरू नकोस.

पहिला दिवस सीले नदीला दे. ही डोंगरातून येत नाही, सपाटीवर जमिनीतूनच झरे फुटून वाहते, त्यामुळे पाणी वर्षभर एकसारखं आणि काचेसारखं. काठच्या वाटेला रेस्तेरा म्हणतात. पूर्वी बैल आणि घोडे याच वाटेवरून दोराने माल भरलेल्या होड्या प्रवाहाविरुद्ध ओढत. काझ्येर गावापाशी त्या जुन्या लाकडी होड्या पाण्यात अर्ध्या बुडून पडल्यात. फासळ्या वर आलेल्या, त्यांतून पाणवनस्पती उगवलेली. तिथल्या लाकडी फळ्यांवर मात्र सायकलवरून उतर. पहाटेच्या दवाने फळी शेवाळलेल्या फरशीइतकी निसरडी होते आणि वळताना पुढचं चाक आधी सुटतं. बाकी वाट दाबलेल्या बारीक खडीची आहे, प्रवासाने आखडलेले पाय मोकळे करायला आणि खोगिराची उंची तपासायला हाच दिवस योग्य.

दुसऱ्या दिवशी प्यावे नदी. तुझी समजूत असेल की नदीकाठ म्हणजे सोपं. प्यावेचं पात्र कुठे कुठे इतकं रुंद आहे की पाणी दिसतच नाही, दिसतात फक्त पांढरे गोटे. आल्प्समधल्या चुनखडीचे, घासून घासून अंड्यासारखे गोल झालेले, लिंबापासून नारळाएवढे. आपल्याकडची फोडलेली खडी कोनदार असते, एकमेकांत अडकून बसते, म्हणून चाकाखाली टिकते. हे गोटे अडकत नाहीत, गडगडतात. त्यांच्यावर पुढचा ब्रेक धरला की चाक आडवं होतं. वजन मागे घे, हात सैल ठेव, पायाला थोडा जड वाटेल असा गिअर टाक आणि पेडल थांबवू नकोस. वेग गेला की सायकल बसलीच.

हवेचं गणित इथेच येतं. तुझं वजन पंचाहत्तर, टायर ४० मिलिमीटर रुंदीचे, ट्यूबलेस. पुढे २.० आणि मागे २.३ बारने सुरुवात कर. तुझ्या सवयीच्या मापात पुढे २९ आणि मागे ३३ पीएसआय. पुण्यात तू ५० भरतोस. तेवढ्या हवेत टायर गोट्यावरून उडी मारतो, गोट्याला धरत नाही, आणि तासाभरात मनगटं भरून येतात. उलट १.७ च्या खाली गेलास तर रिम दगडावर आपटेल. ‘टक्’ असा धातूचा आवाज एकदा आला की ०.२ वाढव, दुसऱ्यांदा येण्याची वाट बघू नकोस. सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, प्रत्येक चाकात ५० मिलि, आणि ते निघायच्या आठवड्यात नवं घाल. उन्हाळा काढलेलं सीलंट आत रबराचा गोळा होऊन पडलेलं असतं. चाक हलवून ऐक, खळखळ आली नाही तर ते संपलंय. नदीकाठच्या झाडीत रॉबिनिया नावाचं झाड माजलेलं आहे, त्याचा काटा आपल्या बाभळीची आठवण करून देईल. छाटणीनंतर फांद्या वाटेवरच पडलेल्या असतात. काटा लगेच उपसू नकोस. चाक फिरवून भोक खाली आण, मग काढ, म्हणजे सीलंट तिथे धावतं. तरी हवा गेली तर भोकात रबराचा प्लग लाव. एक ट्यूब मात्र हवीच, टायरच्या कडेला चीर गेली तर प्लगचा उपयोग नाही.

पात्रातून पलीकडे जाण्याचा मोह होईल, नको करूस. वर डोंगरात धरणं आहेत, पाऊसही तिकडे आधी पडतो, आणि तुझ्या डोक्यावर ऊन असताना पाणी चढतं. तशा सूचनेच्या पाट्या काठावर आहेत. नदी पुलावरूनच ओलांड, पोन्ते देल्ला प्रिऊलाला किंवा वर विदोरला.

या दोन पुलांच्या मधे दक्षिणेला मोन्तेल्लो ही लांबट टेकडी आहे. उंची चारशे मीटरच्या आतच, पण तिला कमी लेखू नकोस. तिच्यावरून आडवे जाणारे एकवीस क्रमांकित रस्ते आहेत, त्यांना प्रेझा म्हणतात, काही डांबरी, काही मातीचे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने इथल्या ओकच्या जंगलातून जहाजांचं लाकूड राखून ठेवलं होतं. जून १९१८ मध्ये याच टेकडीवर आणि या नदीवर मोठी लढाई झाली. नदीपलीकडे मोरियागोपाशी ‘मृतांचं बेट’ नावाची शांत जागा आहे, तिथे सायकल हातात धरून चाल. मोन्तेल्लोची माती लाल आणि चिकट, जंगलात उन्हाला आत वाट नाही, म्हणून पाऊस पडून गेल्यावरही दोन दिवस ओली राहते. कोरडं असेल तर मातीची प्रेझा घे, ओलं असेल तर डांबराची.

आता मुख्य गोष्ट, कोनेल्यानो ते वाल्दोब्ब्यादेने. २०१९ पासून हा भाग युनेस्कोच्या यादीत आहे. करवतीच्या दात्यांसारख्या टेकड्यांच्या रांगा एकामागे एक, त्यांच्यावर ग्लेरा द्राक्षाच्या ओळी. दगडी बांध नाहीत. गवताच्या मुळांनीच धरून ठेवलेल्या पायऱ्या आहेत, त्यांना चिल्योनी म्हणतात. सगळ्यांत उभ्या मळ्यांना रिवे. तिथे यंत्र चढत नाही, आजही हातानेच तोडणी होते. तू येशील तेव्हा काही मळ्यांत ती चालूच असेल. वाट अरुंद, वळणावर ट्रॅक्टर आणि मागे द्राक्षांची ट्रॉली. घंटी वाजव, बाजूला थांब, त्यांना जाऊ दे. गवताच्या पायरीच्या कडेवर चाक घालू नकोस. ती कडा ढासळली की पुढच्या पावसात अख्खी ओळ खाली येते. ‘प्रोप्रिएता प्रिवाता’ (खासगी मालमत्ता) अशी पाटी दिसली की वळ, मग नकाशा काहीही म्हणो.

इथले चढ सिंहगडासारखे लांब नाहीत. सहाशे मीटर, आठशे मीटर, पण भिंतीसारखे. सान पिएत्रो दि फेलेत्तोचा का देल पोज्जोचा चढ डांबरी आहे, जेमतेम सव्वा किलोमीटर, आणि सर्वांत तीव्र जागी १९ टक्के. मळ्यांतल्या पांढऱ्या खडीच्या वाटांवर १८ टक्के नेहमीचेच. तुझ्या सायकलला पुढे ४० आणि मागे सर्वांत मोठं ४२ दात्यांचं चक्र आहे. पेडलचे मिनिटाला ५० फेरे मारलेस तरी वेग ताशी सव्वासहा होतो, आणि तुझं, सायकलचं, सामानाचं मिळून नव्वद किलो धरलं तर १८ टक्क्यांवर २९० वॅट लागतात. तुला तेवढे दहा मिनिटं निघत नाहीत. त्यातून बसून जोर लावलास की पुढचं चाक उचलतं आणि उभा राहिलास की मागचं खडीत घसरतं. पुढे ३६ बसवलंस तर तीसेक वॅट वाचतात, आणि त्यावरच चालवत राहायचं की ढकलत न्यायचं हे ठरतं. तुझ्या क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या, बोल्टांवर ३६ बसतं का ते दुकानात आधी मापून घे. बसलं तर चेनचा एक जोड, म्हणजे दोन कड्या, काढावा लागेल.

उतारावर वेगळीच गंमत होते. पांढऱ्या रस्त्याचा पाया घट्ट असतो आणि वर मोकळे बारीक खडे, छर्ऱ्यांसारखे. वळणाच्या आतच ब्रेक धरलास तर पडशील. वळणाआधी सरळ असतानाच वेग पाड, मग सोड. दोन्ही ब्रेक सतत घासत ठेवू नकोस, पॅड तापून चकचकीत होतात आणि पकड जाते. ओल्या दिवशी ही चुनखडीची भुकटी पाण्यात मिसळून पॉलिशपेपरसारखी काम करते, रेझिनचे पॅड एका दिवसात अर्धे होऊ शकतात. एक जादा जोडी आण, सिंटर्डची, म्हणजे धातूच्या भुकटीची, डिस्कवर तसं चालेल असं लिहिलं असेल तरच.

पाऊस पडला तर मळ्यांतली माती सायकल अडवते. राखाडी, चिकणमातीची. आधी टायरचे खाचे भरतात, मग फोर्कच्या मधे थर बसतो, मग चाक फिरेनासं होतं. तरी पाय मारत राहिलास तर माती मागच्या डिरेलरला, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाला, खेचते आणि तो चाकाच्या आऱ्यांत जातो. हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकतो किंवा तुटतो, आणि प्रवास तिथेच थांबतो. म्हणून चाक जड वाटलं की लगेच उतर, काडीने माती काढ आणि जवळच्या डांबराकडे वळ. दुपारनंतर उत्तरेकडे ढग जमले की टेकड्या लवकर सोड. चेनला मेणाचं वंगण लाव, तेलाला ही पांढरी धूळ चिकटून काळी पेस्ट होते.

रेफ्रोंतोलोच्या जुन्या पाणचक्कीपाशी थांब, मोलिनेत्तो देल्ला क्रोदा. फोल्लीनाच्या मठाच्या आतल्या चौकात दहा मिनिटं बस, गारवा असतो. बाकी पाणी आणि खाणं याचा हिशेब सकाळीच कर. दुकानं साडेबारा ते साडेतीन बंद असतात आणि रविवारी बरीच दिवसभर. दोन बाटल्या ठेव. ‘नोन पोताबिले’ (पिण्यायोग्य नाही) लिहिलेलं पाणी पिऊ नकोस. तू शाकाहारी, तेव्हा घेवड्याच्या साध्या सूपमध्येही डुकराची चरबी असू शकते, विचारूनच माग. प्रोसेक्को, म्हणजे इथली फेसाळ वाइन, सायकल उभी केल्यावरच, इथे सायकलस्वारालाही दारूच्या मर्यादेचा कायदा लागू आहे.

शिकारीचा हंगाम सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी सुरू होतो. मंगळवार आणि शुक्रवार शिकारीला बंदी असते, जंगलातली वाट त्या दिवसांत ठेव. इतर दिवशी भडक रंगाचा शर्ट घाल. अंधारात गावाबाहेर चमकणारं जाकीट कायद्याने लागतं, बोगद्यात दिवसाही. कंटाळा आला तर स्थानिक रेल्वेत सायकलचं ३.५० युरोचं दिवसभराचं तिकीट काढ आणि कोनेल्यानोहून त्रेविझोला परत ये. अडचणीला ११२.

हवेचे छोटे सिलिंडर विमानाने आणू नकोस, हातपंप आण. हँगर मात्र तिथूनच आण, दोन. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा, इथल्या दुकानात तुझा मिळेल याची खात्री नाही. उद्या मागचं चाक काढून हँगरचा दोन्ही बाजूंनी फोटो काढ, भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोज आणि मला पाठव. सोबत क्रँकच्या बोल्टांचाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
अनिकेत