गिरणीच्या खांबांवरची भोके बुजवू नका

महोदय,

परळ-लालबागमध्ये जुन्या गिरण्यांच्या ज्या थोड्या इमारती उरल्या आहेत, त्यांची डागडुजी करताना कोणती गोष्ट कशासाठी होती हे कुणी विचारत नाही. मी गिरणीत फिटर होतो, म्हणून राहवत नाही.

मध्यंतरी एका गिरणीच्या जागेत थाटलेल्या नव्या दालनात गेलो होतो. बिडाचे खांब राखले आहेत, हे चांगलेच झाले. पण अशा खांबाला छताखाली एक सपाट चौकट ओतलेली असते, तिला बोल्टची भोके असतात. ती पुट्टीने भरून वर रंग फासला होता. अहो, खांबाची सगळी हकिकत त्या चौकटीतच आहे! तिथे ब्रॅकेट बसायचे, त्यात बेअरिंग आणि बेअरिंगवर खात्याच्या (गिरणीतल्या विभागाच्या) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा, फिरता लांब दांडा, म्हणजे शाफ्ट. त्याच्या पुलीवरून चामड्याचा पट्टा खाली यंत्रावर उतरायचा. चौकट खांबाच्या कोणत्या अंगाला आहे ते पाहिले की शाफ्ट कसा जात होता आणि यंत्रांच्या रांगा कशा होत्या, हे आजही सांगता येते. माझ्या वेळी यंत्रांना मोटरी लागल्या होत्या, पण शाफ्टची ही हकिकत आम्हाला जुन्या जॉबरांनी (मुकादमांनी) खांबाला हात लावून शिकवली.

तिथे माहिती देणारा मुलगा सांगत होता की करवतीच्या दातांसारखे छप्पर गरम हवा बाहेर जाण्यासाठी असते. खरे तर ते उजेडासाठी असते. त्या छपराच्या काचा उत्तरेकडे तोंड करून असतात. साच्यावर, म्हणजे मागावर, थेट ऊन पडू नये आणि दिवसभर सारखा उजेड मिळावा, म्हणजे सुताची तुटलेली तार चटकन दिसते. (मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकतो, पण त्यातला बराच काळ पावसाळी ढगांचा.) दोन दातांमधल्या पन्हळीतले पाणी काही ठिकाणी पोकळ खांबातूनच खाली गटारात सोडलेले असे. तेव्हा असा खांब काँक्रीटने भरण्याआधी वर चढून पाहावे, नाहीतर पहिल्याच पावसात छत गळेल.

इंजिनघराला लागून जमिनीपासून वरपर्यंत उंच, अरुंद पोकळी दिसली की लोक तिला लिफ्टची जागा समजतात. तिथून वाफेच्या इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या (मोठ्या फिरत्या चाकाच्या) खाचांमधले जाड सुती दोर प्रत्येक मजल्याच्या शाफ्टकडे जात. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, तशी वाफेची इंजिने एकेक करून बंद पडत गेली आणि पोकळी तेवढी राहिली. जिन्याच्या मनोऱ्यावरची पाण्याची टाकीही नुसती शोभेची समजू नये. कापसाला आग लागली तर स्प्रिंकलरला (छताखालच्या पाण्याच्या फवाऱ्यांना) वरून दाबाने पाणी मिळावे म्हणून ती इतक्या उंचावर चढवलेली असे.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीची कंपनी काढली, तेव्हापासून यंत्रे इंग्लंडमधल्या लँकेशायरहून येत राहिली आणि त्यांच्याबरोबर बांधकामाची ही धाटणीही आली. त्यामुळे तिथल्या ओल्डहॅम गावच्या गिरणीत जे दिसते तेच परळमध्ये ओळखता येते.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत महापालिकेचे वस्त्रोद्योग संग्रहालय होत आहे. तिथे रंगकामाला हात लावण्याआधी हयात असलेले फिटर, जॉबर, साचेवाले यांना इमारतीतून फिरवावे, ते दाखवतील त्या प्रत्येक खुणेचा फोटो आणि माहिती नोंदवून घ्यावी आणि त्या-त्या जागी मराठीत पाटी लावावी. बोलावले तर मी आनंदाने येईन.

एक निवृत्त फिटर,
करी रोड, मुंबई