शनिवारची सहल: जहांगीर, एनजीएमए आणि वानखेडे

सर्व सभासदांसाठी सूचना. रविवारी मेगाब्लॉकमुळे लोकलचा भरवसा नसतो, म्हणून शनिवार ठरवला आहे. सकाळी 10:30 ला चर्चगेट स्टेशनबाहेर जमावे. ओव्हल मैदान मधल्या पायवाटेनेच ओलांडावे. दोन्ही बाजूंना एकाच वेळी अनेक सामने चालू असतात, चेंडूकडे लक्ष ठेवा.

जहांगीर आर्ट गॅलरी 11 ला उघडते, प्रवेश मोफत. चित्रकार बहुधा दालनातच बसलेले असतात, त्यांना जरूर प्रश्न विचारा. समोरच्या एनजीएमएत (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, आधुनिक कलेचे संग्रहालय) घुमटाखालच्या दालनापर्यंत जिने आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी तळमजला निवांत पाहावा, तोही पुरेसा समृद्ध आहे.

संध्याकाळी वानखेडे स्टेडियमवर 7:30 चा क्रिकेट सामना. इथेच दरवर्षी घोळ होतो: वानखेडेत बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक नेता येत नाही आणि सामान ठेवायची सोयही नसते. त्यामुळे सकाळपासूनच बॅगेशिवाय या. फोन पूर्ण चार्ज, टोपी, रुमाल, औषधाची पट्टी खिशात. पाणी वाटेत विकत घेऊन पीत राहा. तिकिटावरचे गेट आधी पाहा, चुकलात तर मोठा वळसा पडतो. 5:30 पर्यंत रांगेत. सकाळी निघतानाच लोकलचे जाण्यायेण्याचे (रिटर्न) तिकीट काढा. सामन्यानंतर खिडकीवर तुफान गर्दी असते.