रिकाम्या सर्व्हरवरचे साडेचार तारे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत कन्सोलवरच्या खेळांची परीक्षणे नेमाने येऊ लागली, ही चांगली गोष्ट. तक्रार आहे ती एकाच जातीच्या खेळांपुरती: ऑनलाइन मल्टिप्लेअर (इंटरनेटवरून अनेकांशी खेळणे) असलेले फर्स्ट-पर्सन शूटर, म्हणजे बंदूकधाऱ्याच्या नजरेतून खेळायचे गोळीबाराचे खेळ. खेळ बाजारात येतो त्याच दिवशी परीक्षण छापून येते, साडेचार तारे पडतात, आणि मजकूर वाचावा तर जवळपास सगळा कॅम्पेनवर, म्हणजे एकट्याने खेळायच्या कथेवर: कथानक, ग्राफिक्स, पार्श्वसंगीत. मल्टिप्लेअरला शेवटच्या परिच्छेदात दोन वाक्ये. कॅम्पेन सहा-आठ तासांत उरकते. घेणारा पुढे वर्षभर खेळतो तो मल्टिप्लेअर. ज्यासाठी पैसे मोजायचे त्याबद्दल काही कळत नाही, आणि तारे मात्र सगळ्याला मिळून एकच.

यात समीक्षकाचा आळस नाही, व्यवस्थाच तशी आहे. परीक्षणाची प्रत खेळ येण्याच्या काही दिवस आधी मिळते. तेव्हा सर्व्हरवर, म्हणजे मॅच चालवणाऱ्या संगणकावर, असते कोण? दुसरे समीक्षक आणि कंपनीची माणसे, तीही बहुधा ठरवून दिलेल्या वेळेपुरती. कधी सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून लोकल नेटवर्कवर खेळवतात; तिथे पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत येण्याचा वेळ, नावालाच असतो. सर्व्हर मोडतो तो गर्दीने, आणि गर्दी येते ती परीक्षण छापून झाल्यावर.

नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेले 'हॅलो : द मास्टर चीफ कलेक्शन' आठवून पाहा. चार खेळ, शंभराहून अधिक मल्टिप्लेअर मॅप, आणि बहुतेक परीक्षणे भरभरून. लोकांनी खेळ लावला तेव्हा मॅचमेकिंगच, म्हणजे खेळाडूंची आपोआप होणारी जुळणी, चालेना. मॅच शोधण्यात मिनिटेच्या मिनिटे जायची, सापडलीच तर दोन्ही बाजूंची माणसे विषम. कंपनीने माफी मागितली, महिनोन् महिने पॅच (दुरुस्तीचे अपडेट) निघत राहिले, आणि खरी मोठी डागडुजी झाली २०१८ मध्ये. पहिल्या दिवशीची परीक्षणे तोवर जागची हलली नव्हती. 'बॅटलफिल्ड ४' (२०१३) या खेळाचीही तीच गत: तो दुरुस्त करण्यासाठी कंपनीला हातातली इतर कामे थांबवावी लागली. त्या मानाने 'डेस्टिनी'चा (सप्टेंबर २०१४) कारभार सरळ होता. सर्व्हर भरल्याशिवाय खेळ कळणार नाही, परीक्षणे उशिरा येतील, हे कंपनीने आधीच सांगून टाकले होते. ती उशिराच आली आणि गुणही हात राखून दिलेले होते.

उलटेही घडते. 'हॅलो २' (९ नोव्हेंबर २००४) या खेळाचे कॅम्पेन ऐन रंगात आल्यावर अचानक संपते, अशी नावे तेव्हाच ठेवली गेली. पण त्यातली मॅचमेकिंगची रचना, म्हणजे प्लेलिस्ट (मॅचच्या प्रकारांची यादी) निवडायची, कौशल्यानुसार प्रतिस्पर्धी मिळायचे आणि मित्रांची टोळी एका मॅचमधून दुसरीत न फुटता जायची, ही पुढे कन्सोल शूटरची नेहमीची रीत झाली. तो खेळ ज्यावर चालायचा त्या मूळ एक्सबॉक्स कन्सोलची ऑनलाइन सेवा १५ एप्रिल २०१० रोजी बंद झाली. ज्याचे कौतुक झाले ते त्या डिस्कवरून गेले, आणि ज्याला नावे ठेवली ते शिल्लक आहे!

मल्टिप्लेअर तपासायचा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न रास्त आहे. 'मजा येते' एवढ्याने भागत नाही, पण प्रयोगशाळाही लागत नाही.

सुरुवात कंट्रोलरपासून करावी. ट्रिगर दाबल्यापासून पडद्यावर बंदुकीचा जाळ दिसेपर्यंत किती वेळ जातो, हे साध्या फोनवर मोजता येते. स्लो-मोशन सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवा, बोट आणि पडदा एकाच चौकटीत घ्या, टीव्ही गेम मोडवर टाका. मग बोट पूर्ण दबल्याच्या फ्रेमपासून जाळ दिसण्याच्या फ्रेमपर्यंत फ्रेम मोजा. २४ फ्रेम म्हणजे १०० मिलिसेकंद. दहा वेळा करून सरासरी घ्या. यात टीव्हीचा स्वतःचा विलंबही मिसळलेला असतो, म्हणून त्याच टीव्हीवर दुसरा एखादा शूटर मोजून शेजारी ठेवावा. फरक तेवढा खरा. 'किलझोन २' (२००९) या खेळाला समीक्षकांची सरासरी शंभरात ९० च्या वर होती, आणि खेळणारे मात्र नेम जड आहे, हात मागे पडतो म्हणून कुरकुरत होते. दोन्ही बाजूंनी शब्दांवर शब्द खर्ची पडले. दहा मिनिटांची ही मोजणी परीक्षणात असती तर वाद मिटला नसता, पण निदान मुद्द्यावर तरी आला असता.

पुढे सर्व्हर. तो सेकंदाला किती वेळा खेळाची स्थिती हिशेबात घेतो, तो टिकरेट. ६० असेल तर दोन हिशेबांमध्ये साधारण १७ मिलिसेकंद जातात, २० असेल तर ५०. त्यात लॅग (नेटवर्कचा विलंब) भरून काढण्याची युक्ती असते: गोळी झाडणाऱ्याच्या पडद्यावर त्या क्षणी जे दिसत होते ते प्रमाण धरून सर्व्हर घड्याळ तेवढे मागे नेतो. म्हणून समोरच्याचा पिंग १५० मिलिसेकंद असेल तर तुम्ही भिंतीआड पोचल्यावरही मरता. त्याच्या पडद्यावर तुम्ही अजून उघड्यावर असता. याला बग म्हणणे चूक आहे. ही तडजोड आहे, आणि ती कुठवर ताणली आहे हे समीक्षकाने सांगायचे. वायर जोडून वीस मॅच खेळा, प्रत्येक मरण क्लिपमध्ये जपा, आणि त्यातली आडोशामागची किती ते मोजून छापा.

आता बंदुकीचा हिशेब, कारण 'शस्त्रांचा समतोल चांगला आहे' हे वाक्य हमखास असते आणि त्याला आधार क्वचितच असतो. समजा खेळाडूची हेल्थ १०० आहे आणि बंदूक मिनिटाला ६०० गोळ्या झाडते, म्हणजे दोन गोळ्यांमध्ये १०० मिलिसेकंद. एका गोळीने ३४ हेल्थ जात असेल तर तिसऱ्या गोळीला माणूस पडतो. पहिली गोळी शून्यावर धरली तर २०० मिलिसेकंदांत. पुढच्या पॅचमध्ये ३४ चे ३३ केले की चार गोळ्या लागतात आणि वेळ ३०० होतो. एका आकड्याने बंदूक दीडपट संथ! असे पॅच पहिल्या महिन्यात हमखास येतात. म्हणून परीक्षणात खेळाची आवृत्ती कोणती होती हे नसेल, तर समतोलाबद्दलचे वाक्य आठवड्याभरात शिळे होते. आणि टिकरेट २० असेल तर त्या २०० मिलिसेकंदांच्या लढतीत सर्व्हरचे हिशेब होतात फक्त चार. दोघांनी एकाच वेळी एकमेकांना मारल्याचे दिसते, त्यामागे बऱ्याचदा हेही असते.

एम असिस्टचे, म्हणजे कंट्रोलरवर नेम धरायला खेळाकडून मिळणाऱ्या मदतीचे, दोन भाग वेगळे सांगावेत: शत्रूवर आल्यावर नेम मंदावणे, आणि शत्रू सरकला की नेम आपोआप त्याच्यामागे ओढला जाणे. दुसरा भाग जोरदार असेल आणि क्रॉसप्लेमध्ये (वेगवेगळ्या यंत्रांवरचे खेळाडू एकाच मॅचमध्ये) माउसवाले समोर असतील, तर भांडण ठरलेलेच. डेडझोन (स्टिक किती हलेपर्यंत खेळ दखल घेत नाही ती मर्यादा) बदलता येतो का, दृश्याचा कोन वाढवता येतो का, स्प्लिट-स्क्रीनवर (एकाच पडद्याचे भाग करून खेळताना) फ्रेमरेट टिकतो का, याला एकेक ओळ पुरे.

तेव्हा मागणी अशी. परीक्षणाशेजारी एक छोटी चौकट असावी: खेळ कोणत्या तारखांना खेळला, आवृत्ती कोणती, सर्व्हर सर्वांसाठी खुला होता की समीक्षकांपुरता, किती मॅच झाल्या, वायर की वायफाय, सरासरी पिंग किती, क्रॉसप्ले चालू होता का. कॅम्पेन आणि मल्टिप्लेअरचे तारे वेगळे. खुला सर्व्हर मिळाला नसेल तर मल्टिप्लेअरचे तारे रिकामे ठेवून तसे लिहावे. 'हॅलो इन्फिनिट'च्या वेळी मल्टिप्लेअर १५ नोव्हेंबर २०२१ ला आणि कॅम्पेन ८ डिसेंबरला आले. दोहोंना एका गुणात कोंबण्यात अर्थ नाही, हे तिथे आपोआपच दिसले.

तीन आठवड्यांनी दोनशे शब्दांचे दुसरे टिपण द्यावे. हे वरातीमागून घोडे नव्हे. पहिल्या आठवड्यात सगळेच लेव्हल एकवर असतात, निम्म्या बंदुका उघडलेल्या नसतात, मॅचमेकिंगकडे कुणाच्या कौशल्याची नोंद नसते, आणि काही खेळांत आतले दुकान परीक्षणे छापून आल्यावरच उघडते. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. 'कॉन्कॉर्ड'ला चौदा मिळाले. २३ ऑगस्ट २०२४ ला आलेल्या त्या शूटरचे सर्व्हर ६ सप्टेंबरला बंद झाले, घेणाऱ्यांना पैसे परत मिळाले. आमच्या वेळापत्रकाने त्याचे दुसरे टिपण फारच छोटे झाले असते.

परीक्षणांचे गुण गोळा करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळाची सरासरी छापून काम भागेल, असे कुणी सुचवेल. ती सरासरी भारित असते, कोणत्या प्रकाशनाला किती वजन हे जाहीर नाही, आणि एखाद्याने नंतर गुण बदलला तरी तिथे पहिलाच धरला जातो. खेळाडूंनाही तिथे गुण देता येतात, पण त्यांत टोळधाडी येतात. त्यासाठी २०२० पासून खेळ आल्यावरचे पहिले ३६ तास ती सोय बंद ठेवतात.

चौकटीत आणखी एक ओळ हवी: सर्व्हर बंद झाल्यावर काय उरते? बॉट (संगणकाने चालवलेले खेळाडू), स्प्लिट-स्क्रीन, लोकल नेटवर्क, यातले काय आहे ते लिहावे. २०१० चा 'मॅग' एका मॅचमध्ये २५६ जणांना खेळवायचा, आणि त्या आकड्यावर समीक्षकांनी रकाने भरले. त्यात कॅम्पेन नव्हते. सर्व्हर जानेवारी २०१४ मध्ये बंद झाले, आणि त्या डिस्कवर आज खेळण्यासारखे काही उरलेले नाही.

आपले,
कन्सोलवर खेळणारे काही वाचक