हिरवं पाणी म्हणजे खाद्य नव्हे

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात पहिल्या पानावर उजनीचा फोटो आणि खाली ओळ, 'धरणाने पांघरली हिरवी शाल'. वा! ती शाल पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्यावर विणली जाते, हे इंदापूरकडच्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. आतल्या पानावर आणखी कळस: 'हिरव्या पाण्यामुळे माशांना मुबलक खाद्य'.

तीस वर्षं मी उजनीचा मासा साफ करते आहे. गेल्या रविवारी किलोभर चिलापी आणली. पोट चिरलं तर आतडं गर्द हिरवं, विळीला हिरवा चिकटा. हळद-मीठ चोळलं, दोनदा धुतलं, चिंचेचा कोळ घातला, तरी कालवणाला ओल्या मातीचा वास. सासूबाईंनी ताट सरकवलं. म्हणाल्या, "गाळ शिजवलास का गं?" माझ्या बाळंतपणात याच बाईंनी वामीचं कालवण वाढलं होतं मला. आता वाम मागितली की मासेवाली हसते.

माझ्या मसाल्याचा दोष नाही हो. निळं-हिरवं शेवाळ जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतं, ते माशाच्या चरबीत मुरतं. आणि डॉक्टर ज्या ओमेगा-३ साठी मासे खा म्हणतात, ते मासा स्वतः फारसं बनवत नाही. ते डायटमसारख्या सूक्ष्म शेवाळांत बनतं, तिथून पाणपिसवांत, म्हणजे पाण्यातल्या अगदी बारीक जिवांत, आणि मग माशात येतं. सांडपाण्यातून फॉस्फरस साचला, वर पाणी तापलं, की डायटम मागे पडतात आणि निळं-हिरवं माजतं. त्या निळ्या-हिरव्यात ही ओमेगा-३ ची लांब साखळीची मेदाम्लं जवळपास नसतातच. उरलेले डायटमही ऊन पाण्यात ती कमी बनवतात, कारण पेशीचं आवरण लवचीक ठेवायला त्यांची गरज असते ती गार पाण्यात. पोरांना नुसत्या चुरमुऱ्यांवर वाढवावं, तसलं हे 'मुबलक खाद्य'. चिलापीचं काय, ती कशावरही वाढते. काट्यावर वजन भरतं आणि तुमच्या वार्ताहराला मथळा मिळतो.

जाता जाता. मार्चमध्येही याच विषयावर लिहिलं होतं. त्यातला सांडपाण्याचा परिच्छेद तेवढा कापून बाकीचं 'आठवणीतली उजनी' म्हणून छापलंत. या वेळी कात्री चालवायचीच असेल तर सासूबाईंवर चालवा, त्यांची हरकत नाही. आणि शब्दकोड्याचं उत्तर त्याच पानावर उलटं छापणं बंद करा, नात आधी तेच वाचते.

आपली,
एक जुनी वाचक, इंदापूर