धनुष्य ताणून कोण उभं राहतं हो?

संपादक साहेब,
हल्ली ओटीटीवर जुन्या युरोपातल्या लढाया दाखवतात, त्यात हमखास एक सीन असतोच. सरदार हात वर करतो, हजारभर तिरंदाज धनुष्य ताणून उभे, तो ‘होल्ड... होल्ड’ म्हणत बसतो आणि मग ‘फायर!’ अहो, फायर कसलं? बत्ती द्यायची ती तोफेला, बाणाला काय बत्ती देणार?

पण माझी खरी तक्रार त्या होल्डची आहे. १५४५ मध्ये बुडालेलं मेरी रोझ हे इंग्रजी जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्यात शंभराहून जास्त लाँगबो (इंग्रजांची लांबलचक लाकडी धनुष्यं) सापडले आणि अभ्यासकांच्या अंदाजाने त्यातले बरेचसे ताणायला ४५ किलोच्या वर जोर लागायचा, काहींना तर ८० च्या आसपास. एवढं वजन दंडावर घेऊन साहेबांच्या ऑर्डरची वाट कोण बघणार, हात लटलटायला लागतील की! ताणलं की लगेच सोडायचं, एवढंच जमतं.

१४१५ च्या अजँकूरच्या इंग्रज-फ्रेंच लढाईत सर थॉमस अर्पिंगहॅम या इंग्रज सरदाराने हातातला दंडुका हवेत उंच फेकला आणि ओरडला, असं त्या काळच्या बखरकाराने लिहून ठेवलंय. म्हणजे इशारा फक्त सुरुवात करण्यापुरता, पुढे ज्याचा तो बाण मारत सुटायचा. हा दंडुकाच दाखवा की राव, सीन पण भारी होईल आणि डबिंगवाल्यांचं ‘फायर’ही वाचेल.

– एक वाचक, सातारा