कांगारू काळजी एकट्या बाळंतिणीवर नको

संपादक महाशय,

कमी वजनाच्या बाळाला डॉक्टर 'कांगारू काळजी', म्हणजे बाळाला उघड्या छातीशी बांधून धरणे, सांगून घरी पाठवतात आणि घरचे ती सुनेच्या गळ्यात घालून मोकळे होतात. आमचा नातू आठव्या महिन्यातला, दीड किलोच्या आसपासचा. तेव्हापासून हे लिहायचे मनात होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या शिफारशीप्रमाणे अशा बाळाला दिवसाचे 8 ते 24 तास, जमेल तेवढे जास्त, उघड्या छातीशी धरायचे असते. अंगावर टोपी, मोजे, लंगोट एवढेच. बाळ उभे, मान एका बाजूला, श्वास मोकळा राहील अशी. वरून कापड बांधायचे. आता सांगा, ओली बाळंतीण आठ तास तशी बसली तर ती जेवणार कधी आणि निजणार कधी?

ही पद्धत 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोता शहरात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाली, त्यामुळे ती गरिबाची तडजोड वाटते. पण भारतासह पाच देशांत झालेला अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. एक ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर छातीशी धरले, तेव्हा पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी घटले. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. तिथे आईची खाट बाळाच्याच अतिदक्षता विभागात होती आणि आई थकली की घरचे दुसरे माणूस बाळ धरी. म्हणून तर रोजचे सतराएक तास भरले!

आमच्याकडे ऐन चवथीत, म्हणजे गणेश चतुर्थीत, घर पाहुण्यांनी भरलेले आणि मुलगा शर्टाची बटणे सोडून, बाळ छातीला बांधून खोलीत बसलेला. माटोळी (गणपतीवर बांधलेली फळा-पानांची सजावट) बघायला आलेल्या एका वयस्क बाईंनी विचारलेच, "आवय खंय?" (आई कुठे?) आवय निजली होती. निजायलाच हवी होती. मीही दुपारी तासदोन तास बाळ घेई. साठीतल्या छातीची ऊब त्याला चालत होती.

पण हे मुलाला शिकवले कोणी? सुनेने, घरी आल्यावर. रुग्णालयात त्याला दाराबाहेरच थांबवले होते, 'पुरुषांना प्रवेश नाही' म्हणून. नवजात कक्षात आडोशाला एक पडदा, पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणि हात धुऊन आलेल्या बापाला किंवा आजीला आत प्रवेश, एवढे आरोग्य खात्याने करावे. घरी सोडण्याआधी त्या दुसऱ्या माणसाकडून एकदा बाळ बांधून घ्यावे, आणि आरोग्यसेविका घरी आल्या की त्यांनी आईबरोबर त्यालाही विचारावे, आज किती तास धरलेस?

– एक आजी, डिचोली