‘हाकलले’ नव्हे, कोंडले

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत धार्मिक छळावरील लेखासोबत आपण यान लौकन या डच कलावंताचे एक खोदचित्र छापले. अशा जुन्या मुद्राचित्राला वृत्तपत्रात अर्धे पान मिळालेले पाहून फार आनंद झाला. परंतु त्याखालच्या ‘राजाज्ञेने फ्रान्सबाहेर हाकललेले प्रॉटेस्टंट’ या ओळीने चित्राचा अर्थच उलटा झाला आहे. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला ते पाहून गप्प राहवले नाही.

फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने 1598 मध्ये नांतच्या आदेशाने प्रॉटेस्टंटांना जे संरक्षण दिले होते, ते त्याचाच नातू चौदावा लुई याने ऑक्टोबर 1685 मध्ये फाँतेनब्लो येथील आदेशाने काढून घेतले. प्रार्थनामंदिरे पाडावीत, शाळा बंद कराव्यात, नवजात मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक धर्मगुरूकडूनच व्हावा, अशी त्यातील कलमे होती. पॅरिसजवळच्या शारांताँचे मोठे प्रार्थनामंदिर तर त्याच महिन्यात पाडायला घेतले. धर्मोपदेशकांनी धर्म तरी बदलावा, नाहीतर 15 दिवसांत देश सोडावा, असे फर्मावले गेले. हाकलले गेले ते एवढेच लोक. सामान्य प्रॉटेस्टंटांना देश सोडण्याची सक्त मनाई होती; पळताना सापडलेल्या पुरुषाला राजाच्या गलबतांवर वल्ही मारण्याची शिक्षा होई, तर स्त्रीच्या वाट्याला कैद आणि मालमत्तेची जप्ती येई. मेंढपाळाला हद्दपार करायचे आणि कळपाला कोंडून ठेवायचे, असा तो कायदा होता. शिवाय घरोघर घोडदळाचे शिपाई उतरवून, कुटुंब धर्म बदलेपर्यंत त्यांना तिथेच पोसायला लावण्याचा प्रकार 1681 पासूनच सुरू झाला होता. आपले बहुतेक प्रॉटेस्टंट प्रजाजन आता कॅथलिक झाले आहेत, तेव्हा जुना आदेश निरुपयोगी ठरला, असे कारण राजाने दिले, त्याच्या मुळाशी ही जबरदस्ती होती.

हे ध्यानात घेऊन तेच चित्र भिंगाखाली पाहावे. किनाऱ्याकडे निघालेल्या माणसांच्या पाठीवर बोचकी आहेत, सोबत लेकरे आहेत. पकडले गेलो तर काय होईल हे जाणूनही निघालेली ही माणसे आहेत. असे सुमारे 2 लाख लोक हॉलंड, इंग्लंड, ब्रांडेनबुर्ग हे जर्मन राज्य, स्वित्झर्लंड इथे पोहोचले. त्यांच्या धैर्याला ‘हाकलले’ हा शब्द पुसून टाकतो, याचे मला वाईट वाटते.

दुसरी गोष्ट चित्राच्या जन्माची. लौकनने हे चित्र 1696 च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये, फ्रेंच प्रॉटेस्टंटांच्या इतिहासाच्या डच आवृत्तीसाठी केले. घटना त्याने डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, आणि स्वतः छळ सोसलेल्या मेनोनाइट पंथाशी संबंध असल्याने त्याचे मन निर्वासितांच्या बाजूचे होते. इकडे पॅरिसमध्ये त्याच आदेशाच्या गौरवार्थ ‘पाखंड नष्ट झाले’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची पदके पाडली गेली. ज्यावरून चित्र छापले जाते तो तांब्याचा पत्रा कुठल्या गावात कोरला गेला, हे म्हणूनच वाचकाला कळले पाहिजे.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. शिवकालाच्या अभ्यासात ज्याचे नाव वारंवार येते तो प्रवासी टॅव्हर्निअर पॅरिसच्या प्रॉटेस्टंट घरातला होता, आणि त्याच्या घराण्यात नकाशे कोरण्याचा व्यवसाय होता. भारतातून नेलेला प्रसिद्ध निळा हिरा त्याने याच चौदाव्या लुईला विकला. उतारवयात मात्र त्याने फ्रान्स सोडले आणि 1689 मध्ये मॉस्कोत त्याचा मृत्यू झाला.

आपण पुढील अंकात चूक दुरुस्त करून ‘देश सोडण्याची बंदी मोडून निघालेले फ्रेंच प्रॉटेस्टंट; यान लौकन, ॲमस्टरडॅम, 1696’ अशी ओळ छापावी, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा